‘स्थानिक स्वराज्य’ : संज्ञा आणि सत्ता

लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाने ज्या ‘लोकल सेल्फ-गव्हर्नमेंट’चा पुरस्कार केला, त्यासाठी मराठीत ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द रूढ झाला. हिंदीने ‘स्थानीय स्वशासन’ हा अधिक सावध पर्याय पत्करला. स्वशासनातून कारभाराचा बोध होतो, स्वराज्यातून सत्तेचा. शिवकालाची स्मृती आणि टिळकयुगाची आकांक्षा ज्या शब्दात एकवटली, तोच गटारे, दिवाबत्ती आणि प्राथमिक शाळा पाहणाऱ्या संस्थांच्या वाट्याला आला, हे भाषेचे औदार्यच होय. कायदा मात्र इतका उदार नव्हता. राज्यशासनाने या संस्थांना किती सत्ता द्यावी, हा वाद शब्द आणि कायदा यांच्यामधील या अंतरातच वाढला आहे.

गावाला सत्ता द्यावी असे म्हणताच ते गाव कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात वतनदार, अलुते-बलुते आणि फिरस्ते यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, याचे बारकाईने वर्णन आले आहे. ग्रामसंस्थेविषयीचा भाबडा गौरव तेथे आढळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून मूलगामी होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी गावाला संकुचित वृत्तीचे आणि जातीयतेचे आगर ठरविले व घटनेने व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांत आल्या आणि आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. परंतु त्यामुळे त्यांचा आक्षेप निकालात निघाला असे समजणे चुकीचे ठरेल. गावकीत ज्याला कधी बसूच दिले नाही, त्याला राज्याचा दूरस्थ कायदा हाच आधार वाटावा, यात अस्वाभाविक काही नाही.

महाराष्ट्राने या पेचातून काढलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. 1959 मध्ये राजस्थानात पंचायत राज्य सुरू झाले, तेव्हा तेथे पंचायत समितीला प्राधान्य मिळाले. वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हा घटक बलवान केला. 1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आमदार-खासदारांना सभासदत्व नाकारले गेले आणि जिल्हाधिकाऱ्यालाही बाहेर ठेवण्यात आले. जिल्ह्याच्या पातळीवर साधने व प्रशिक्षित सेवकवर्ग उपलब्ध होतो, तसेच भाऊबंदकीपासून काही अंतर राखता येते. ‘किती सत्ता’ या प्रश्नाला समितीने ‘कोणत्या पातळीवर’ असे वळण दिले. जिल्ह्याचेही पुढारी तयार होतात आणि तेही वतनदारासारखे वागू शकतात, हा भाग अर्थातच निराळा.

1992 मध्ये संमत होऊन 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी व स्त्रियांसाठी जागा राखल्या आणि अकराव्या अनुसूचीत 29 विषय नोंदविले. आंबेडकरांच्या आक्षेपाला मिळालेले हे पहिले सबळ उत्तर होय. परंतु अनुच्छेद 243-छ मधील शब्दयोजना अशी, की विधानमंडळ अधिकार देऊ ‘शकेल’. दिलेच पाहिजेत असे बंधन नाही. केरळने 1996 मध्ये लोकयोजनेसाठी आपल्या योजनाखर्चाचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळविला. इतरत्र बहुधा कामे सोपविली गेली, निर्णय नव्हे. पाच वर्षांची मुदत घटनेने ठरवूनही महाराष्ट्रात 2022 मध्ये अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि निवडणुकांसाठी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्या काळात प्रशासक राज्यशासनाला उत्तरदायी होता, मतदाराला नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने या चर्चेला वेगळी भाषा दिली. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे ‘आमच्या गावात आमचे राज्य’, या तेथील गोंडी घोषणेत कोणी काही देण्याचा उल्लेखच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. हक्क गावाचा, पण त्याचे मोल गावाला मिळण्याचा मार्ग खात्याच्या परवानगीवर अवलंबून. या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले ते एप्रिल 2011 मध्ये.