कपडे धुण्याचे यंत्र : विश्वासार्हतेची पारख आणि वाढीव हमीचा हिशेब

घरातील कष्टाच्या कामांमध्ये पाणी भरण्याच्या खालोखाल क्रम लागतो तो कपडे धुण्याचा. नदीच्या काठी, विहिरीवर अथवा न्हाणीतील दगडावर बसून पाचसहा माणसांचे कपडे धुण्याचे हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच वाट्याला आले आहे. हे कष्ट हलके करणारे वॉशिंग मशीन आता केवळ मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी शिक्षकाच्या घरात, वसतिगृहात आणि लहान रुग्णालयातही ते दिसू लागले आहे.

तथापि यंत्र घरी आले म्हणजे कष्ट संपलेच असे नाही. अनेक ठिकाणी वर्षा-दोन वर्षांतच ते बंद पडते, दुरुस्ती करणारा मिळत नाही, हमीपत्र असूनही उपयोग होत नाही. मग यंत्र कोपऱ्यात कापड पांघरून पडून राहते आणि घरातील बाई पुन्हा दगडाकडे वळते. कित्येक महिन्यांची बचत अशी वाया जाऊ नये यासाठी खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात आणि दुकानात आग्रहाने दिली जाणारी वाढीव हमी, म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी, घ्यावी किंवा नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आधी पाणी आणि वीज, मग यंत्र

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र, वरून कपडे टाकावयाचे स्वयंचलित यंत्र आणि समोरून दार असलेले स्वयंचलित यंत्र. यांपैकी चांगले कोणते, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. आपल्या घरातील पाणी व वीज यांच्याशी जुळणारे कोणते, असे विचारले पाहिजे.

स्वयंचलित यंत्राला नळातून ठरावीक दाबाने पाणी यावे लागते. यंत्राच्या पुस्तिकेत हा किमान दाब बार या एककात दिलेला असतो. १० मीटर उंचीवरील पाण्याचा दाब सुमारे १ बार भरतो. म्हणजे पुस्तिकेत ०.३ बार लिहिले असेल, तर टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा निदान ३ मीटर, सुमारे १० फूट, उंच हवी. कौलारू घरावर ठेवलेल्या लहान टाकीपासून हा दाब मिळेलच असे नाही. दाब कमी पडला की पाणी भरण्यास फार वेळ लागतो, यंत्र मध्येच थांबते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. जेथे पाणी दिवसाआड येते व पिंपात साठवावे लागते, तेथे बादलीने पाणी ओतता येईल असे अर्धस्वयंचलित यंत्रच अधिक सोयीचे ठरते. त्याची रचना साधी असते, किंमत कमी असते व गावातील कारागिरालाही ते उघडून दुरुस्त करता येते.

समोरून दार असलेल्या यंत्राला पाणी कमी लागते व कपड्यांची झीजही कमी होते. परंतु त्यात बहुधा पाणी तापविण्याची सोय असते. २,००० वॉटचा तापक अर्धा तास चालला, तर १ युनिट वीज खर्च होते. शिवाय कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर या तापकावर क्षारांचा थर बसतो व त्याचे आयुष्य घटते. भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे आणि क्षार काढण्याच्या नियमित खर्चाची तयारी ठेवावी.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी अटळ आहेत. यंत्रासाठी योग्य क्षमतेचा तीन पिनांचा सॉकेट आणि तपासलेले अर्थिंग. ओल्या जागी चालणाऱ्या यंत्राला अर्थिंग नसणे हा जिवाशी खेळ आहे. जेथे विजेचा दाब वारंवार कमीजास्त होतो, तेथे स्टॅबिलायझरवरील खर्च वाढीव हमीच्या खर्चापेक्षा अधिक सत्कारणी लागतो.

विश्वासार्हता कशी ओळखावी ?

यंत्रावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल असल्यास ते अवश्य पाहावे. मात्र त्यावरील तारे विजेच्या वापराविषयी सांगतात, टिकाऊपणाविषयी नव्हे, हे विसरू नये. टिकाऊपणाचा अंदाज घेण्यासाठी यंत्रातील नाजूक जागा माहीत असाव्यात. त्या म्हणजे फिरत्या टाकीचे बेअरिंग व त्याचे रबरी सील, पाणी उपसणारा पंप, दाराचे रबर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. सील झिजले की पाणी बेअरिंगपर्यंत पोचते, ते गंजते व यंत्र फिरताना घरघर करू लागते. बोर्ड हा बहुधा दुरुस्त न करता बदलला जातो, त्यामुळे त्याचा खर्च जड जातो.

खरेदीपूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. अधिकृत सेवा केंद्र आपल्या गावापासून किती अंतरावर आहे ? कारागीर घरी येतो काय, आणि येण्याचे वेगळे पैसे पडतात काय ? या नमुन्याचे पंप व बोर्ड किती किमतीला मिळतात ? तेच यंत्र तीन-चार वर्षे वापरणाऱ्या शेजाऱ्याचा अनुभव आणि गावातील दुरुस्ती करणाऱ्याचे मत हे जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचे असते.

मूळ हमीपत्राचे वाचन

जाहिरातीत ‘१० वर्षांची हमी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. बारकाईने पाहिल्यास ती हमी बहुधा केवळ मोटरची असते. संपूर्ण यंत्राची हमी त्याहून पुष्कळ कमी मुदतीची असते. मोटर चांगली राहून पंप, बोर्ड अथवा बेअरिंग बिघडले, तर १० वर्षांच्या त्या हमीचा काहीच उपयोग नाही.

हमीत काय मोडते याइतकेच काय मोडत नाही, हेही वाचावे. विजेच्या चढउताराने झालेले नुकसान, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, रबरी नळ्या व प्लास्टिकचे भाग, अनधिकृत कारागिराने केलेली दुरुस्ती या बाबी पुष्कळदा वगळलेल्या असतात. ग्रामीण भागात नेमके हेच बिघाड अधिक संभवतात.

वाढीव हमी : भावनेने नव्हे, गणिताने

मूळ हमीची मुदत संपल्यानंतर पुढील दोन-तीन वर्षांसाठी पैसे भरून घेतलेली हमी म्हणजे वाढीव हमी. तिचे गणित समजण्यासाठी यंत्राचे आयुष्यमान ध्यानी घ्यावे. निर्मितीतील दोष असेल तर तो बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच उघड होतो व तेव्हा मूळ हमी लागू असते. झिजेमुळे होणारे बिघाड उतारवयात वाढतात, तोपर्यंत वाढीव हमी संपलेली असते. ती विकली जाते ती मधल्या, तुलनेने निरोगी काळासाठी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्राची किंमत २०,००० रुपये, दोन वर्षांच्या वाढीव हमीचे मूल्य २,००० रुपये आणि एका सर्वसाधारण दुरुस्तीचा खर्च २,५०० रुपये धरला, तर हमीचे पैसे वसूल होण्यासाठी अशा दर दहा घरांपैकी आठ घरांत त्या दोन वर्षांत बिघाड व्हावा लागेल. ज्या यंत्राबाबत इतकी धास्ती वाटते, ते मुळात घेऊच नये. दुरुस्तीचा खर्च ६,००० रुपये धरला, तर तीन घरांपैकी एका घरात बिघाड झाल्यास हिशेब जुळतो. यावरून असे दिसते की, साध्या अर्धस्वयंचलित यंत्रासाठी वाढीव हमी सहसा परवडत नाही. महागडे बोर्ड असलेल्या स्वयंचलित यंत्रासाठी ती विचारात घेता येईल. परंतु तेव्हाही बोर्ड हमीत समाविष्ट आहे काय, हमी देणारा यंत्राचा उत्पादक आहे की दुकानदार की तिसरीच कंपनी, आणि ते दुकान बंद झाल्यास जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत. तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

ज्या कुटुंबाला अचानक पाच-सहा हजारांचा खर्च झेपणारच नाही, त्याला थोडी जादा किंमत मोजून निश्चिंती विकत घ्यावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. इतरांनी मात्र हमीचे दोन हजार टपाल कार्यालयातील बचत खात्यात दुरुस्तीसाठी म्हणून वेगळे ठेवावेत. बिघाड झाला तर ते कामी येतात, न झाला तर आपलेच राहतात.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

वसतिगृहे, शाळा व आरोग्य केंद्रे यांच्यासाठी खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने पाहावी. घरगुती यंत्रांच्या अनेक हमीपत्रांत व्यापारी अथवा सामुदायिक वापर वगळलेला असतो. ४० मुलींच्या वसतिगृहात घरगुती यंत्र बसविले, तर हमी पहिल्याच दिवशी निरर्थक ठरू शकते आणि दिवसभराच्या वापराने यंत्रही लवकर झिजते. म्हणून वापराचे स्वरूप पुरवठा आदेशातच नमूद करावे, त्या वापरासाठी हमी लागू असल्याचे लेखी घ्यावे आणि वार्षिक देखभालीचा दर खरेदीच्या वेळीच ठरवून घ्यावा. पैसे अदा झाल्यानंतर घासाघीस करण्याची शक्ती उरत नाही.

कायद्याचे पाठबळ

वाढीव हमी नाकारली म्हणजे ग्राहक निराधार झाला असे नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही व वकील देण्याचे बंधनही नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी केल्यास पुष्कळ प्रश्न परस्पर सुटू शकतात.

मात्र या सर्वांचा पाया म्हणजे कागद. बिल, शिक्का मारलेले हमीपत्र, यंत्राचा क्रमांक आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व दिनांक एका पाकिटात जपून ठेवावेत.

थोडीशी निगा

यंत्र सपाट जागी बसवावे. समोरून दार असलेल्या यंत्राचे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट चालू करण्यापूर्वी काढले आहेत याची खात्री करावी. क्षमतेपेक्षा अधिक कपडे कोंबू नयेत, खिशातील नाणी व टाचण्या काढाव्यात, गाळणी नियमित स्वच्छ करावी, धुणे संपल्यावर दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि तळाशी उंदीर शिरणार नाहीत अशी जाळी बसवावी. या साध्या गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही, पण यंत्राचे आयुष्य त्यांनीच वाढते.

शाळेतील गणिताच्या तासाला वर दिलेले हमीचे उदाहरण मुलांकडून सोडवून घेता येईल. ग्रामसभेत अथवा बचत गटाच्या बैठकीत एखादे हमीपत्र मोठ्याने वाचून त्यातील वगळलेल्या बाबींवर चर्चा करता येईल. यंत्र घेण्याचा निर्णय घरात कोणीही घेवो, ते चालविणारी आणि बंद पडल्यावर पुन्हा दगडाशी बसणारी बहुधा घरातील स्त्रीच असते. म्हणून दुकानात जाताना तिला बरोबर न्यावे आणि तिचे मत सर्वांत आधी विचारावे.