पाऊस कोणी कोरला?

हिरोशिगेचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १८५७ सालचं. एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या सुमिदा नदीवरच्या मोठ्या लाकडी पुलावर अचानक पावसाची सर आली आहे. पुलावरची माणसं छत्र्या, टोप्या सावरत, वाकून घाईघाईने निघालीत. खाली नदीत एकटा माणूस ओंडक्यांचा तराफा बांबूने ढकलतोय, अंगावर आपल्या इरल्याची आठवण करून देणारं गवताचं पांघरूण. पलीकडचा काठ पावसात पुसट झालाय. कोणीच आपल्याकडे बघत नाही.

मला लिहायचंय ते त्या पावसाबद्दल. वरून खाली उतरणाऱ्या बारीक, सरळ रेषा. नीट पाहिलं तर त्या दोन किंचित वेगळ्या कोनांत आहेत. ब्रशने अशी रेष ओढणं एक वेळ सोपं. लाकडी ठशात मात्र छापली जाते ती उंच राहिलेली जागा. म्हणजे रेष कोरायची नसतेच. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून केसासारखी कड उभी ठेवायची असते. हत्यार जरा घसरलं की सर तुटली. आणि हे सगळं चेरीच्या कठीण लाकडात.

हे काम हिरोशिगेने केलं नाही. तो पातळ कागदावर रेखाटन करून द्यायचा. कोरणारा कारागीर तो कागद फळीवर उलटा चिकटवून कागदासकट कोरायचा. चित्रकाराच्या हातचं रेखाटन तिथेच संपायचं! (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलेच.) पुढे प्रत्येक रंगाला सहसा वेगळी फळी, आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीवर खुणेच्या खाचा. आकाशातला काळा ढग खाली फिका होत जातो ती छापणाऱ्याची करामत. ओल्या फळीवर तो रंग हाताने पसरवायचा, पुसायचा. याला बोकाशी म्हणतात. त्यामुळे दोन प्रतींतला ढग तंतोतंत सारखा नसतो. शिवाय पैसे घालणारा प्रकाशक उओया एइकिची, तो वेगळाच.

मग 'मूळ चित्र' कुठलं? पाठभेदावर वाद झाला की आपण लेखकाचं हस्तलिखित शोधतो. इथे तेच कोरण्यात गेलंय. उरल्या त्या प्रती, आणि त्यांत तीन-चार जणांचे हात. तरी आपण सरळ 'हिरोशिगेचा पाऊस' म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. कल्पना त्याची, यात शंका नाही; पण कारागिराचा हात किती बारीक चालतो हे ठाऊक असल्याशिवाय त्याने असा पाऊस मागितलाच नसता.

१८८७ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने या चित्राची तैलरंगात नक्कल केली. रंग जास्त भडक केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट काढली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. नदी त्याची जास्त हलते, मान्य. पण पाऊस बघा. रेष कुठे जाड होते, कुठे मध्येच विरते. तो एकट्या माणसाने काढलेला पाऊस आहे.