घोळ, चिवळ आणि खापरा : रसाळ तणांची ओळख व वर्गीकरण

मृगाच्या एक-दोन सरी पडून काळी जमीन वाफशावर आली कीं नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील रानांत पेरलेलें पीक नजरेस पडण्यापूर्वींच न पेरलेलीं रोपें दिसूं लागतात. त्यांपैकीं जमिनीस चिकटून थाळीसारख्या पसरणाऱ्या, तांबूस देठाच्या व जाड गुळगुळीत पानांच्या ज्या वनस्पति आहेत त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. ह्या वनस्पति दिसण्यांत क्षुद्र आहेत. तथापि त्यांतील एक घरच्या तव्यांत पडते, दुसरी औषधाच्या नांवाखालीं विकली जाते, आणि तिसरी उपाशी जनावराच्या पोटांत गेली असतां त्याचा जीव घेऊं शकते. तिन्हींस एकाच नांवानें हांक मारण्याची संवय आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. तेव्हां ओळख पक्की करणें हा केवळ वनस्पतिशास्त्र्याचा छंद नव्हे.

प्रथम रसाळपणा म्हणजे काय तें पाहूं. पान मोडलें असतां ओलें लागतें एवढ्यानें वनस्पति रसाळ ठरत नाहीं. तसें पाहतां केनाहि ओला लागतो. रसाळ वनस्पति पाऊस असतां पानांत व देठांत पाण्याचा सांठा करून ठेवते आणि उघडीप पडली म्हणजे तो काटकसरीनें वापरते. घोळीचें रोप उपटून बांधावर टाकलें तर तें आठ-आठ दिवस टवटवीत राहतें, हें प्रत्येक खुरपणाऱ्या बाईस ठाऊक आहे. ह्याचें कारण पानांतील सांठा तर खराच, परंतु त्याहून सूक्ष्म असें आणखी एक आहे. बहुतेक वनस्पति दिवसा पर्णरंध्रें उघडून हवेंतील कर्बवायु घेतात व त्याच वेळीं त्यांचें पाणीहि उडून जातें. ज्वारी, मका, ऊंस ह्यांना कर्बवायु अधिक कसोशीनें पकडण्याची एक युक्ति साधलेली आहे, म्हणून तीं कडक उन्हांतहि जोमानें वाढतात. निवडुंगाची युक्ति वेगळी. तो रंध्रें रात्रीं उघडतो, वायु आम्लाच्या रूपानें सांठवितो आणि दिवसा दारें लावून त्याचें अन्न करतो. घोळीस ह्या दोन्ही युक्ति येतात. पाणी आहे तोंवर ती ज्वारीप्रमाणें वागते, पाण्याची ओढ लागली कीं निवडुंगाची रीतहि धरते. आणि हीं दोन्ही कामें एकाच पानाच्या त्याच पेशींत चालतात असें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं दाखवून दिलें. वाचकांस ह्याची प्रचीति जिभेनें घेतां येईल. उघडीपीच्या दिवसांत ताणलेल्या घोळीचें एक पान पहांटे चाखावें व एक दुपार टळल्यावर चाखावें. पहांटेचें पान अधिक आंबट लागतें, कारण रात्रभर सांठलेलें आम्ल अजून खर्चीं पडलेलें नसतें.

आतां एकेकीची ओळख.

घोळ ही वर्षायु आहे. तिचें मूळ एकच, सरळ खालीं जाणारें. त्यापासून तांबूस, गुळगुळीत, बोटाएवढ्या जाडीपर्यंतहि होणाऱ्या फांद्या चहूंकडे पसरतात. पानें पळीच्या आकाराचीं, टोंकास रुंद व देठाकडे निमुळतीं असून फांदीच्या शेंड्यावर त्यांचा झुबका होतो. झुबक्याच्या मध्यावर बिनदेठाचीं पिवळीं फुलें येतात. बाहेरचीं दलें दोन व पाकळ्या बहुधा पांच. फूल ऊन तापल्यावर उघडतें व कांहीं तासांतच मिटतें. आभाळ झांकलेलें असलें तर उघडतहि नाहीं, तरी बीं मात्र धरतें. बोंड हें ह्या वनस्पतीचें खरें गमक होय. तें पिकलें म्हणजे डबीच्या झांकणाप्रमाणें त्याचा वरचा अर्धा भाग आडवा तुटून पडतो आणि आंतून बारीक, काळें, दाणेदार बीं सांडतें. 'पोर्चुलाका' हें शास्त्रीय नांव ह्याच झांकणावरून, लहान दार ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून पडलें असें सांगतात. लिनियसनें १७५३ सालीं तिला 'पोर्चुलाका ओलेरेशिया' म्हटलें. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'भाजीची'.

चिवळ, जिला कोठें चिघळ तर कोठें रानघोळ म्हणतात, ती घोळीची सख्खी धाकटी बहीण. हिच्या फांद्या दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि प्रत्येक पेऱ्यास जमिनीचा स्पर्श होतांच मुळ्या फुटतात. घोळीस अशा पेऱ्यापेऱ्यास मुळ्या सहसा फुटत नाहींत. चिवळीचीं पानें समोरासमोर, गव्हाच्या दाण्याएवढीं. पेऱ्यावर पांढऱ्या मऊ केंसांचा वेढा. फूल पिवळेंच पण पाकळ्या चार, व त्याभोंवतीं चार पानांचा चौरंग. 'क्वाड्रिफिडा', म्हणजे चार भागांत चिरलेली, हें तिचें नांव ह्यावरूनच आलें. भाजीस ही अधिक चवदार असें आमचें मत आहे. निवडण्याचा त्रास मात्र चौपट.

तिसरा खापरा. ह्यासच कोणी विषखापरा, कोणी पांढरी घेटुळी, तर कोणी पांढरी पुनर्नवा म्हणतात. लांबून पाहतां घोळ आणि खापरा ह्यांत फरक दिसत नाहीं, आणि हा भ्रम केवळ आपल्यालाच होतो असें नाहीं. लिनियसनें खापऱ्याचें जें नांव ठेविलें, 'ट्रायान्थेमा पोर्चुलाकॅस्ट्रम', त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'घोळीसारखा दिसणारा' असा आहे. हातांत घेतला म्हणजे मात्र भेद तीन ठिकाणीं दिसतो. पानें समोरासमोर असून जोडीपैकीं एक मोठें व एक लहान असतें. पानाचा देठ बुडाशीं रुंदावून फांदीस खिशासारखा वेढतो. आणि फूल ह्या खिशांतच अर्धवट दडलेलें असतें. तें पिवळें कधींच नसतें, पांढरें किंवा फिकट गुलाबी असतें. त्यास खऱ्या पाकळ्या नसतातच. बाहेरचीं पांच दलेंच आंतून रंगलेलीं असतात. बोंडास येथेंहि झांकण आहे, म्हणून केवळ झांकणावर विसंबूं नये.

खरी घेटुळी अथवा पुनर्नवा ह्या सर्वांहून निराळी. ती गुलबक्षीच्या कुळांतली आहे. तिचें मूळ जाड व बहुवर्षायु. पानें खापऱ्याप्रमाणें विषम जोडीचीं, परंतु रसाळ म्हणावीं इतकीं जाड नव्हेत. फुलें अगदीं बारीक, गुलाबी, लांब देठांच्या विरळ झुपक्यांत. आणि फळ चिकट, धोतरास व गुरांच्या अंगास लागून दूरवर जाणारें. औषधी व्यापारांत हिच्या नांवानें खापरा विकला जातो ही गोष्ट जाणत्यांस ठाऊक आहे. ज्यांस ही वनस्पति गोळा करून विकावयाची असेल त्यांनीं चिकट फळ व लांब देठाचा तुरा पाहिल्यावांचून गांठोडें बांधूं नये.

येथें एका परक्या पाहुणीचाहि उल्लेख केला पाहिजे, तो म्हणजे लहान दुधाणीचा. तीहि जमिनीस चिकटते, तीहि तांबूस असते. भाजी खुडतांना संशय आला तर देठ मोडावा. पांढरा चीक निघाला तर ती घोळहि नव्हे आणि चिवळहि नव्हे, टाकून द्यावी.

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. बेंथम व हूकर ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८६२ ते १८८३ ह्या काळांत जी विख्यात मांडणी केली तींत घोळ, खापरा व घेटुळी ह्या तिघींस ग्रंथाच्या तीन निरनिराळ्या भागांत जागा मिळाली, कारण पाकळ्या आहेत कीं नाहींत व असल्यास कशा जोडल्या आहेत ह्यावर त्यांची मुख्य भिस्त होती. थिओडोर कुक ह्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्यें प्रसिद्ध केला तो ह्याच पद्धतीस अनुसरून. पण आपला मुलूख त्या वेळीं निजामच्या राज्यांत असल्यामुळें इलाख्याच्या त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. ही उणीव प्राध्यापक व्ही. एन. नाईक ह्यांनीं पुढें भरून काढली. लातूर तालुका ज्यांत होता त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ १९७९ सालीं निघाला (लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्यें), आणि सबंध मराठवाड्याचा १९९८ मध्यें.

त्यानंतर वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याची साधनें हातीं आलीं आणि चित्र पालटलें. आज घोळ, खापरा व घेटुळी ह्यांचीं कुळें वेगळीं असलीं तरी तिन्ही एकाच गणांत धरतात. त्याच गणांत माठ, राजगिरा, पालक, चाकवत व मायाळू येतात, आणि कुंपणावरचा फड्या निवडुंगहि येतो. घोळीचे जवळचे आप्त शोधूं गेल्यास पालकापेक्षां निवडुंगच तिला अधिक जवळचा निघतो. उलट ज्यास आपण निवडुंगच म्हणतों तो चिकाचा त्रिधारी ह्या गणांतला नसून दुधाणीच्या कुळांतला आहे. २००९ सालच्या मांडणींत घोळीच्या कुळांतून पूर्वीच्या बऱ्याच जाति बाहेर काढण्यांत आल्या व त्यांत एकटी पोर्चुलाका प्रजाति उरली. तिच्या शंभरावर जाति जगभर आहेत. अंगणांत लावतात तो चिनी गुलाब त्यांतलाच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पानें सुईसारखीं गोल, फुलें मोठीं. त्याची एक डहाळी चिवळीशेजारीं धरून पाहिली म्हणजे नातें कोणासहि पटेल.

ह्या नात्यागोत्यापासून शेतकऱ्यास काय लाभ, असें कोणी विचारील. लाभ हा कीं ह्या गणांतील पुष्कळ वनस्पतींच्या अंगांत ऑक्झॅलिक आम्ल मोठ्या प्रमाणांत असतें. पालक, माठ, चाकवत ह्यांत तें आहे. घोळींत व खापऱ्यांत त्याहून कमी नाहीं. जनावराच्या रक्तांत हें आम्ल गेलें म्हणजे तेथील कॅल्शियमास बांधून टाकतें. मग जनावर थरथरतें, झोकांड्या खातें, तोंडास फेंस येतो, तें बसतें आणि उठत नाहीं. वांचलें तरी मूत्रपिंडास इजा होते. पोट भरलेल्या व संवयीच्या जनावरानें चरतां चरतां चार तोंडें घोळ खाल्ली तर कांहीं बिघडत नाहीं, कारण पोटांतील सूक्ष्म जंतु थोडें आम्ल पचवितात. धोका उपाशी जनावरास आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतांत लांब पल्ल्यानें हांकीत नेलेलीं भुकेलीं जनावरें ह्याच वनस्पति खाऊन दगावल्याचें नमूद आहे.

आपल्याकडे ही वेळ केव्हां येते तें ध्यानांत घ्यावें. २०१६ सालीं मिरजेहून लातुरास रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. तशा वर्षीं उन्हाळाभर जनावरें अर्धपोटीं असतात, कडबा संपलेला असतो, आणि पहिल्या पावसानंतर पडीक रानांत सर्वांत आधीं हिरवें दिसतें तें खापरा व घोळ. त्या हिरवळीवर जनावर मोकळें सोडणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ होय. सोडण्यापूर्वीं घरीं कडबा, भुसकट, जें असेल तें घालावें, पाणी पाजावें, आणि पहिले कांहीं दिवस थोडा वेळच चारावें. वर सांगितलेलीं लक्षणें दिसतांच गुरांच्या डॉक्टरास बोलवावें व जनावरानें काय खाल्लें तें स्पष्ट सांगावें. कॅल्शियमाचें औषध शिरेंतून वेळीं दिलें तर गुण येण्याची आशा असते, मात्र तें काम जाणत्याच्याच हातचें आहे.

तण म्हणून ह्यांचा बंदोबस्त करतांना बियांचा स्वभाव जाणून घ्यावा. एका मोठ्या घोळीच्या रोपापासून हजारों बिया पडतात आणि त्या जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. त्यांस उगवण्यास ऊब, ओल व उजेड लागतो, म्हणून वरच्या बोटभर थरांतल्याच उगवतात. खोल गेलेल्या वाट पाहत पडून असतात व पुढच्या नांगरटीनें वर येतात. सोयाबीनमध्यें पेरणीनंतरचा पहिला महिना-सव्वा महिना रान स्वच्छ राहिलें पाहिजे, आणि घोळ साधारण त्याच मुदतींत फुलावर येते. तेव्हां कोळपें फुलापूर्वीं व कडक उन्हाच्या दिवशीं चालवावें. ढगाळ हवेंत कोळपल्यास तुटलेले तुकडे ओल्या मातींत पुन्हां मूळ धरतात व एकाच्या जागीं चार रोपें होतात. फूल आलेलें रोप उपटून तासांत टाकूं नये. अंगच्या पाण्यावर तें पडल्या जागींच बीं पिकवितें. असें तण रानाबाहेर नेऊन खोल पुरावें. अर्धकच्चें शेणखत हाहि ह्या बियांचा एक मार्ग आहे. बागाईतांत पाणी देऊन तण उगवूं द्यावें व मग वखराची हलकी पाळी घालून लावणी करावी, हा उपाय उत्तम. कोरडवाहू खरिपांत मात्र वाफसा चुकविण्याची जोखीम कोणास परवडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

राहतां राहिली भाजी. कोंवळी घोळ व चिवळ ह्यांत जवसाप्रमाणें ओमेगा-३ जातीचें स्निग्ध द्रव्य असतें, आणि पालेभाजींत ही गोष्ट विरळ आहे. खापऱ्याचीं जून पानें पोटांत गेल्यास ढाळ लागतात, म्हणून निवडतांना समोरासमोरचीं विषम पानें व खिशासारखा देठ आढळला तर तें बाजूस काढावें. ज्यांस मुतखड्याचा विकार आहे त्यांनीं घोळ टाळावी. इतरांनीं ती उकळून, पाणी ओतून टाकून शिजवावी. आणि आपल्याकडे घोळींत ताक घालण्याची जी चाल आहे ती चालूं ठेवावी, कारण दह्याताकांतील कॅल्शियम ह्या आम्लाचा कांहीं अंश भांड्यांतच बांधून टाकतें व तेवढें तें अंगीं लागत नाहीं.