पाटाच्या काठाकाठानं

अगं, ती महागडी सायकल आत्ता घेऊ नकोस. तुझ्या ऑफिसातला ग्रुप पहाटे येऊर चढतो, सुट्टीला खंडाळा गाठतो आणि घरी आल्यावर कोणाचा वेग किती ते बघत बसतो. त्यांच्यामागे धापा टाकत राहिलीस तर महिन्याभरात तुझी सायकल बाल्कनीत धूळ खात पडेल. मोठी बहीण म्हणून सांगते, चढापासून सुरुवातच करू नकोस. पाण्यापासून कर.

पाण्याला चढ चढता येत नाही ना, म्हणून कालवा आखणारे इंजिनिअर डोंगराच्या कडेकडेनं, जमिनीची पातळी धरून तो वळवत नेतात. उतार इतका थोडा ठेवतात की डोळ्यांना कळतही नाही. बाजूच्या भरावावरून पाहणीची वाट असते, पाटकऱ्यानं फिरून दारं बघावीत म्हणून. पाण्यानं चढ टाळला की त्याच्या सोबतीनं जाणाऱ्या तुझाही टळतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, गुडघ्यांची भीती घातलेल्या आपल्यासारख्या बायकांसाठी यापेक्षा बरी वाट मला माहीत नाही.

आता कुठं, ते सांगते. कर्जतचा राजनाला. सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर, पण कर्जत लोकलच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि शहर मागं टाकायचं. हा कालवा मला इतका आवडतो त्याचं कारण त्याच्या पाण्याची गोष्ट. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथं पडणारा पाऊस खरं तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा थेट बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी तो अडवला, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, घाटाच्या पायथ्याशी सोडला आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं.  वीज आपल्या मुंबईला आली, आणि चक्रं फिरवून मोकळं झालेलं पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतकऱ्यांना मिळालं. पेज नदी त्यामुळेच उन्हाळ्यातही वाहते. पुढं ते पाणी उल्हासला मिळतं आणि कल्याण-उल्हासनगरकडच्या माणसांच्या हंड्यात जातं. सह्याद्रीपलीकडं जायला निघालेलं पाणी इतक्यांच्या उपयोगी पडतं, आणि तू त्याच्या काठानं सायकल चालवतेस.

जानेवारीत जा. आजूबाजूचं कोकण तेव्हा पिवळं पडलेलं असतं, भात कापलेली खाचरं कोरडी ठणठणीत. आणि कालव्याखालच्या गावांत मात्र उन्हाळी भाताची लावणी चाललेली. बायका वाकून आवण लावतात, बांधावर बगळे असतात. इथं दुबार भात होतं ते या पाण्यावरच. पाणी वेळेवर सुटलं नाही तर वर्षाचं दुसरं पीक जातं, त्यामुळं गावांत पाण्याबद्दल बोलणं फार जिव्हाळ्याचं असतं. थांबून ऐक. नुसते किलोमीटर जमवायला गेलीस तर हे हुकेल.

वाट एकसारखी मिळेल असं मनात धरू नकोस. कुठं मुरूम, कुठं चिकण माती, कुठं गावाचा काँक्रीटचा रस्ता, आणि मध्येच गवतात वाट हरवते. तिथं उतरून सायकल हातानं ढकलायची, त्यात कमीपणा कसला? म्हणूनच टायर रुंद हवेत, ३८ ते ४५ मिलिमीटरचे, आणि हवा कमी. दुकानदार सवयीनं टणक भरून देतो. खडीवर तेच अंगाला बसतं, मनगटं दुखतात आणि चाक घसरतं. तुझ्या वजनाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय पुरते. साधी हायब्रिड सायकल असली तरी चालेल, फक्त टायर बदलून घे.

आता आपल्यातलं बोलणं, जे ग्रुपमधल्या मुलांना तू विचारणार नाहीस. गादीची चड्डी घेशील ती आतून काहीही न घालता वापरायची. आत निकर घातली की शिवण घासते आणि दोन दिवस बसवत नाही. वरून सैल कुर्ता घाल, गावात बरं वाटतं. ओढणी मात्र घरीच ठेव, चाकात अडकते. सीट दुखत असेल तर सहन करत बसू नकोस. बायकांच्या बसण्याची हाडं रुंद असतात, मागं रुंद असलेली सीट मागून घे आणि तिचं टोक अगदी किंचित खाली कर. पाळीच्या दिवसांत जायचं की नाही ते तुझं तू ठरव, कोणी विचारलं तर कारण द्यायला बांधील नाहीस. आणि लघवीला जायचं म्हणून पाणी प्यायचं टाळणं, हे मात्र चालणार नाही. गावात सरळ एखाद्या घरी विचार, "मावशी, जरा मोरीत जाऊ का?" बाईमाणसाला सहसा नाही म्हणत नाहीत.

एका गोष्टीत मी कडक आहे. कालव्यात उतरायचं नाही. पाय धुवायलासुद्धा नाही. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात, आत घसरलं की पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धरायला काही सापडत नाही. वरून पाणी वाढवलं तर पातळीही चढते. दारांना हात लावू नकोस, ते पाणी मोजून दिलेलं असतं. गुरं समोर आली तर थांब, घंटी वाजवत त्यांच्यात घुसू नकोस. कुत्रं धावून आलं तर उतर आणि सायकल आडवी मध्ये धर. गवतात आणि पेंढ्याच्या ढिगाजवळ पाय टाकताना बघ, घोणस असते. मार्चनंतर तिकडं ऊन फार, नऊच्या आत परत फिरलेलं बरं.

कर्जतला जायच्या आधी हात बसायला बोरिवलीचं नॅशनल पार्क आहेच. गेटवर भाड्यानं सायकल मिळते, सोमवारी पार्क बंद असतं. कान्हेरीपर्यंत जाऊ नकोस, तिथं चढ आहे. खालीच दहिसर नदीच्या बाजूला फिर. महापालिकेनं तानसाच्या जलवाहिनीलगत मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग जाहीर केला होता. तेवढा सलग मिळेल या आशेवर निघू नकोस. झाला तर मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मुलींना घराजवळच सपाट वाट मिळेल, आणि मला तो मनापासून हवा आहे.

पश्चिम रेल्वेच्या बाजूनं तुला सूर्या प्रकल्पाचे कालवेही आहेत. धामणी धरणाचं पाणी कवडासच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी पालघर-डहाणूकडच्या शेतांत जातं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे, त्यामुळं बोरिवलीच्या तुझ्या मैत्रिणींना ते सोयीचं पडेल. पण पहिल्यांदा कर्जतच.

लोकलमध्ये सायकल न्यायची तर मालडब्यातून, आणि तिकीट खिडकीवर आधी नीट विचारून. तू अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपरला, तिथून मुलुंडला माझ्या घरी ये. सायकल शनिवारीच माझ्याकडं आणून ठेव, रात्री टायर मी बघते. दोन ट्यूब, पंप, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि सुटे पैसे घे, कर्जतचा दिवाडकरांचा वडा परतताना खायचाय. आईला संध्याकाळी पाचला फोन करायचं ठरलंय असं सांग, म्हणजे ती दुपारभर घोर लावून घेणार नाही. रविवारी पहाटेची पहिली कर्जत गाडी ठाण्याहून धरू, मुलुंडहून आपण एकत्रच निघू.