मेस्सीला अडवणारी बेरीज

8 ऑगस्ट 2021. बार्सिलोनात लिओनेल मेस्सी पत्रकारांसमोर रडला. क्लबला तो हवा होता, त्याला क्लब हवा होता, पगार निम्मा करून घ्यायलाही तो तयार होता. तरी जमलं नाही. स्पेनच्या ला लीगात प्रत्येक क्लबला संघावरच्या खर्चाची मर्यादा आखून दिलेली असते, आणि मेस्सीला धरून केलेली बेरीज त्या मर्यादेत बसेना. तो पॅरिसला गेला. करार आधीच संपलेला असल्यामुळे क्लबच्या हाती त्याचे पैसेही आले नाहीत.

ही बेरीज करायला क्लबांना माणसं लागतात, आणि त्या कामाचा चांगला पगार मिळतो. ‘मॅच बघून पोट भरतं का?’ असं घरात विचारणाऱ्यांनी पुढचं वाचावं. मुलांनीही वाचावं, कारण या नोकरीत मॅच बघण्यापेक्षा करारनामे वाचणं जास्त असतं.

या कामाचं सर्वांत कडक रूप अमेरिकेच्या एनएफएलमध्ये दिसतं. हा त्यांचा फुटबॉल, हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळायचा. 32 संघ, हंगामात प्रत्येकी 53 खेळाडू. 1994 साली तिथे सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक संघाची पगारमर्यादा, आली तेव्हा ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख झाली. मालक कितीही गब्बर असो, मर्यादा सगळ्यांना तीच. लीगच्या उत्पन्नातला सुमारे 48 टक्के वाटा खेळाडूंचा, हे मालक आणि खेळाडूंची संघटना यांनी करारात ठरवलं आहे आणि कॅपचा आकडा त्यातूनच निघतो. म्हणून तो कधी खालीही येतो. करोनाच्या हंगामात प्रेक्षक नव्हते, तेव्हा 2020 चे 19 कोटी 82 लाख 2021 साली 18 कोटी 25 लाखांवर आले. आकडा दरवर्षीप्रमाणे वाढेल असं धरून करार केलेल्यांची त्या वर्षी पंचाईत झाली.

आता खरी गंमत. समजा, क्लबने एका खेळाडूशी चार वर्षांचा करार केला, सही करताना 2 कोटी डॉलर बोनस दिला आणि पहिल्या वर्षाचा मूळ पगार 20 लाख ठेवला. खेळाडूच्या खात्यात पहिल्या वर्षी 2 कोटी 20 लाख जमा झाले. पण कॅपच्या वहीत बोनस करारभर सारखा वाटला जातो. म्हणजे 50 लाख अधिक 20 लाख, एकूण 70 लाख. जागा उरली, त्या जागेत आणखी एक खेळाडू आला, सगळे खूश.

दोन वर्षांनी त्या खेळाडूचा गुडघा गेला आणि क्लबने त्याला सोडलं. वहीत न मांडलेला 1 कोटीचा बोनस आता एकदम अंगावर येतो. याला ‘डेड मनी’ म्हणतात. हप्त्यावर घेतलेला फ्रिज भंगारात गेला तरी हप्ते चालूच राहावेत, तसं. एक जूननंतर सोडला तर हाच बोजा दोन वर्षांत विभागता येतो, म्हणून कुणाला कधी सोडायचं याच्या तारखाही या माणसांना पाठ असतात. बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतो. मग काही क्लब दोन वर्षांच्या कराराला पुढे तीन नुसती कागदावरची वर्षं जोडतात, ज्यांत तो खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. हे नियमाला धरून आहे, पण बिल पुढे येतंच.

डेन्व्हरच्या क्लबने 2022 साली रसेल विल्सन या खेळाडूशी मोठा करार वाढवला आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. दोन वर्षांत मिळून तब्बल साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी त्यांच्या वहीत चढला. उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेरीत, अगदी शेवटी, 262 व्या क्रमांकावर, त्यांनी ब्रॉक पर्डी घेतला. नव्या मुलांचे पगार ड्राफ्टच्या क्रमांकानुसार बांधलेले असतात, त्यामुळे वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी मूळ पगारावर या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, 2024 च्या फेब्रुवारीत संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. वाचलेल्या पैशांत बाकीचा तगडा संघ उभा होता. 2025 साली त्याच पर्डीशी पाच वर्षांचा साडेसव्वीस कोटी डॉलरचा करार झाला आणि ती स्वस्ताई संपली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या क्लबात करारांची बोलणी आणि कॅपचा हिशेब ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला, त्यांचं नाव पराग मराठे. होय, मराठे. बर्कलीची पदवी, स्टॅनफर्डचं एमबीए, आधी बेन या सल्लागार कंपनीत नोकरी आणि 2001 पासून या क्लबात. आज ते इंग्लंडच्या लीड्स युनायटेडचे अध्यक्षही आहेत. दुसरं नाव फिलाडेल्फियाच्या हाउई रोझमन यांचं. पोरवयापासून ते क्लबांना नोकरीसाठी पत्रं पाठवत. वकिलीची पदवी घेऊन 2000 साली क्लबात बिनपगारी उमेदवारीला लागले, सॅलरी कॅपच्या कामातून वर चढले आणि 2010 साली जनरल मॅनेजर झाले. 2015 साली मुख्य प्रशिक्षकाच्या हाती सगळी सूत्रं गेली आणि ते बाजूला पडले, वर्षभरात परत आले आणि त्यानंतर क्लबने दोन सुपर बोल जिंकले. दोघांपैकी कुणीही व्यावसायिक फुटबॉल खेळलेलं नाही.

पालकांनी माझ्या मते इथेच नीट लक्ष द्यावं. एकजण वकील, दुसरा व्यवस्थापनाचा. ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’ असं छापलेल्या चकचकीत पदविकेसाठी सात-आठ लाख भरण्याआधी सीए किंवा कायद्याचा विचार करा. बारावीनंतर एमएच-सीईटीतून पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी करता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. क्लबात जागा नाही मिळाली तरी ही पदवी वाया जात नाही. त्या पदविकेबद्दल मी हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि एनएफएलच्या भरवशावर अमेरिकेतल्या शिक्षणासाठी घर गहाण टाकू नका. 32 क्लब, प्रत्येकात या कामाला मोजकी माणसं, वर व्हिसाची कटकट.

मग आपल्याकडे काय? इंडियन सुपर लीगमध्येही पगारमर्यादा आहे. काही हंगाम ती साडेसोळा कोटी रुपये होती. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा यांच्याकडे परदेशी खेळाडूंचे करार, बदल्या, नोंदणी असं सगळं काम असतं आणि ते फिफाच्या नियमांनी चालतं. करार कमाल पाच वर्षांचा, अठराच्या आतल्या खेळाडूशी कमाल तीन वर्षांचा, अशी कलमं तिथे रोज लागतात. पगार थकवला म्हणून भारतीय क्लबांवर नव्या खेळाडूंची नोंदणी करण्याची बंदी आल्याचीही उदाहरणं आहेत. पण हेही ऐका: 2025 च्या जुलैत या लीगचा पुढचा हंगामच थांबवून ठेवला गेला आणि काही क्लबांनी पगार रोखले. करार सांभाळणाऱ्याचा स्वतःचा करारही तितकाच कच्चा असू शकतो. म्हणून नजर फुटबॉलपुरती ठेवू नये. आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठी झालेल्या लिलावात प्रत्येक संघाची थैली 120 कोटींची होती. प्रो कबड्डीत ती पाच कोटींची असते. कमी पैशांत संघ बसवायचं डोकं तिथेही तेच लागतं, आणि कबड्डीत तर जास्तच.

सीए करणाऱ्यांना एक उदाहरण चाखायला देतो. युरोपात खेळाडूच्या बदलीची रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून वहीत मांडतात. 2023 च्या जानेवारीत चेल्सीने मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांच्या करारावर घेतलं, म्हणजे दरवर्षीचा आकडा लहान. त्याच वर्षी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने ही वाटणी पाच वर्षांवर आणून ठेवली. घसाऱ्याचं प्रकरण ज्याला कंटाळवाणं वाटतं, त्याने हे वाचून पुन्हा उघडावं.

मुलाचा कल खरा आहे की नुसती हौस, हे फुकटात तपासता येतं. एनएफएलचा 2020 चा सामूहिक करार इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. त्यातलं 13 वं कलम कॅपच्या हिशेबाचं. ते वाचायला द्या. पन्नास पानांत जांभई आली तर उत्तर मिळालं. नाही आली तर एक संघ निवडून एक्सेलमध्ये त्याची तीन वर्षांची कॅप मांडायला सांगा. खेळाडूंचे आकडे ‘ओव्हर द कॅप’ या संकेतस्थळावर मिळतात. चौथ्या वर्षी कुणाला सोडायचं आणि का, हे त्याने तुम्हाला मराठीत समजावून सांगावं. ज्यांना टेबलाच्या पलीकडे बसायचंय त्यांच्यासाठी फिफाने 2023 पासून एजंटांची परीक्षा पुन्हा सुरू केली आहे. पहिल्या परीक्षेत 20 प्रश्न होते आणि उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागत होते.

एनएफएलचं नवं वर्ष मार्चच्या मध्यावर एका बुधवारी, न्यूयॉर्कमध्ये दुपारी चार वाजता सुरू होतं आणि त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत असावा लागतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्याच सुमारास बोर्डाचा पेपर असेल, तर मात्र जागायचं की नाही ते आईने ठरवावं.