वेष विसरलेले नाटक

नाटक म्हणजे संवाद, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. स्नेहसंमेलनासाठी नाटक बसवावयाचे ठरले की प्रथम वह्या निघतात, भाषणे पाठ होतात. वेष, मुखवटे व वाद्ये यांचा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांना या लेखात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात नेणार आहोत.

पेरूची राजधानी लिमा हे समुद्रकाठचे शहर होय. तेथे १९७१ साली काही तरुण नटांनी ‘युयाच्कानी’ नावाची नाटकमंडळी स्थापन केली. हा शब्द केचुआ भाषेतील आहे. अँडीज पर्वताच्या कुशीत राहणाऱ्या लक्षावधी लोकांची ती मायबोली. ‘मी विचार करीत आहे’ आणि ‘मी आठवीत आहे’ असे दोन्ही अर्थ या एका शब्दात सामावले आहेत. मंडळीने आपले एक आरंभीचे नाटक खाणकामगारांच्या संपावर रचले आणि ते कामगारांपुढेच करून दाखविले. नटांच्या अंगावर नेहमीचेच साधे कपडे होते. प्रयोग संपल्यावर एका कामगाराने अभिप्राय दिला तो असा की, नाटक चांगले झाले, पण तुम्ही आपले वेष आणावयास विसरलात, ही वाईट गोष्ट झाली!

या अभिप्रायाला हसणे सोपे आहे. परंतु त्या मंडळीने तो मनावर घेतला, आणि तेथूनच तिचे खरे शिक्षण सुरू झाले. पर्वतावरून खाणीत आलेल्या या माणसांना सादरीकरण ठाऊक होते ते उत्सवाचे. वेष नाही, मुखवटा नाही, वाद्य नाही, तर ते नाटक कसले, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

असा एक उत्सव पाहू. कुस्को प्रांतातील पावकार्ताम्बो या गावी दरवर्षी जुलैच्या १५ तारखेपासून कार्मेनच्या कुमारी मातेचा उत्सव भरतो. गावातील नाचांचे संघ आपापली सोंगे घेऊन रस्त्यावर उतरतात. ‘कोल्या’ हे पठारावरून लामांच्या पाठीवर माल लादून येणारे व्यापारी; त्यांच्या तोंडावर विणलेला पांढरा मुखवटा असतो. ‘चुंचो’ हे पूर्वेकडील अरण्यातील योद्धे. एक संघ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे सोंग आणतो. दुसरा मळ्यांतून हिवताप घेऊन परतलेल्या मजुरांचे. तिसरा लाच खाणाऱ्या वकील-न्यायाधीशांची टवाळी करतो. ‘साक्रा’ म्हणजे सैतान छपरांवर व सज्ज्यांवर चढून बसतात आणि मातेची मिरवणूक खालून जाऊ लागली की तिचे तेज सोसत नाही म्हणून तोंड झाकून घेतात. १७ तारखेस चौकात कोल्या व चुंचो यांचे लुटुपुटीचे युद्ध होते. त्यात कोल्यांचा पाडाव होतो.

यात लिहिलेले नाटक कोठेही नाही. परंतु व्यापार, गुलामगिरी, रोगराई, अन्याय हा त्या प्रदेशाचा शतकांचा इतिहास आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी तो पायांत व मुखवट्यांत सांभाळून ठेवला. गोव्या-कोकणातील दहीकाल्यात काळा संकासुर प्रेक्षकांत शिरून थट्टा करतो, ते पाहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट समजण्यास जड जाऊ नये.

आता या विद्येचा उपयोग काय झाला, ते पाहू. १९८० पासून पेरूत बंडखोर व सरकारी सेना यांच्यामध्ये वीस वर्षे हिंसाचार माजला. २००१ साली नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये बळींचा अंदाज ६९ हजारांहून अधिक दिला. दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी देशी भाषा होती. राजधानीला मात्र या मरणाची पुरती दखलही नव्हती.

या काळात, १९९० साली, युयाच्कानीने हुलिओ ओर्तेगा यांच्या कथेवरून ‘आदिओस आयाकुचो’ हे नाटक केले. ठार मारलेला एक शेतकरी आपली हरवलेली हाडे शोधीत राजधानीकडे निघतो, असे त्याचे कथानक आहे. प्रेत सापडलेले नाही. आहेत ते केवळ कपडे. उत्सवातील कोल्या ते कपडे अंगावर चढवितो आणि मेलेल्याला आपला आवाज देतो. येथे मुखवटा शोभेसाठी नाही. ज्याला बोलण्यास तोंडच उरले नाही, त्याचे तोंड तो झाला आहे. २००२ साली आयोगाच्या जाहीर सुनावण्या पर्वतीय भागात झाल्या, तेव्हा या नटांनी तेथील लोकांपुढे आपले प्रयोग केले. आपल्या माणसांविषयी बोलावयास भिणाऱ्या लोकांपुढे त्यांच्याच उत्सवातील सोंग उभे राहिले. या वेळी मंडळी वेष विसरली नव्हती.

तेव्हा पुढील वेळी शिगम्यातील किंवा जत्रेतील सोंग पाहाल, तेव्हा ते केवळ करमणूक म्हणून सोडून देऊ नका. हे सोंग कोणाचे, ते कोणाची आठवण राखते, आणि ती आठवण ग्रंथांत का उतरली नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. मिळालेली उत्तरे वहीत टिपून आणा. पुढील संमेलनाचे नाटक आपण त्या वहीतूनच उभे करू.