आधी फोटो, मग फावडं

लेकरा, घराचा विमा काढलास हे ऐकून बरं वाटलं. आपल्याकडं विमा म्हटलं की माणसाच्या तोंडी पीकविमाच येतो. तलाठी, नुकसान ७२ तासांत कळवणं, मोबाईलवरचा फोटो, एवढंच ठाऊक. घराचा विमा ही निराळीच चाल आहे बाबा. २०२५ च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावाकडं रातोरात पाणी घरात शिरलं, आणि एप्रिल-मेचं वादळवारं तर आपल्या नायगावाला नवं नाही. तवा चार गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. तू हुशार आहेस, पण घाईचा आहेस. तुझ्या आज्यालाही हेच म्हणायचे.

आभाळ मोकळं असताना

१. पॉलिसी कपाटात ठेवायच्या आधी निदान पहिलं पान वाच : नाव, पत्ता, घर क्रमांक, तारीख — घर आईच्या नावावर, पॉलिसी तुझ्या नावावर आणि पत्ता भाड्याच्या खोलीचा, अशी खिचडी निघाली तर ती तुलाच खावी लागते.

२. तुझी पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ आहे का ते विचार. १ एप्रिल २०२१ पासून ही एकसारखी पॉलिसी घराचा विमा करणाऱ्या कंपन्यांना द्यावीच लागते — तिच्यात वादळ, पूर, वीज, भूकंप मुळातच धरलेले आहेत. भूकंप कशाला, असं विचारू नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते तुझ्या मावशीला विचार.

३. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरव, प्लॉटच्या भावावर नको — हमरस्त्याच्या जागेला सोन्याचा भाव आला तरी वारा जागा उडवून नेत नाही.

४. भिंत कशाची, छत कशाचं, ते अर्जात खरं लिही; मागची खोली माळवदाची आणि पुढं पत्रा असेल तर तसंच सांग — हप्ता थोडा वाढेल, पण क्लेमच्या दिवशी मान खाली घालावी लागणार नाही.

५. इमारतीसोबत घरसामानही आपोआप धरलेलं असतं, विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये. पण रोकड आणि गाडी त्यात येत नाही, आणि सोन्यानाण्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं — मोटारसायकल ओट्यावर उभी असली म्हणून ती घरसामान होत नाही.

६. भाव वाढेल म्हणून सोयाबीनची पोती समोरच्या खोलीत थप्पी मारून ठेवतोस ना? त्यांचं काय, हे कंपनीला लेखी विचारून घे — घरसामान म्हणजे टीव्ही, फ्रिज, पलंग, भांडीकुंडी, कपडे. विकायचा माल त्या यादीत बसत नाही.

७. दर उन्हाळ्यात, रंगपंचमी झाली की, घराचे फोटो काढ : चारी भिंती, पत्र्याची खालची बाजू, माळ्यावरचं सामान — वादळानंतरचा फोटो नुकसान दाखवतो, आधीचा फोटो ते नवं आहे हे दाखवतो. माझं म्हणणं विचारशील तर आधीचाच जास्त मोलाचा.

८. नमुना नंबर ८ चा किंवा नगरपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा उतारा, घरपट्टीची पावती, पॉलिसी, फ्रिज-टीव्हीची बिलं, सगळ्यांचे फोटो काढून लातूरच्या ताईला पाठवून ठेव — घर भिजलं की कागदही भिजतात आणि खिशातला मोबाईलही. पत्रा उडाला तर दिसतो, पावती उडाली तर क्लेमच्या दिवशीच कळतं.

वारं थांबल्यावर

९. आधी माणसं मोज, मग मेन स्विच पाड, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नको, महावितरणला कळव — विम्याचे पैसे उशिरा का होईना येतात.

१०. त्यानंतर कशालाही हात लावायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ — शेजारीपाजारी मदतीला धावून येतात, तासाभरात अंगण झाडून लख्ख करतात आणि तुझा पुरावा उकिरड्यावर जातो. त्यांना चहाला बसव, दहा मिनिटं थांबव. आधी फोटो, मग फावडं.

११. नुसता लांबून फोटो काढू नको. पत्रा जिथं अँगलला हुकानं आवळलेला होता, तिथलं भोक जवळून टिप — वाऱ्यानं ओढलेलं भोक लांबट फाटतं, त्याची कड चांदीसारखी चकाकते. जुनं गंजून सुटलेलं असेल तर कड तांबडी आणि ठिसूळ असते. सर्व्हेअर तिथंच आधी बघतो. आठवडा गेला, पाऊस झाला, की नवी कडही तांबूस दिसायला लागते.

१२. पाणी शिरलं असेल तर भिंतीवर चिखलाची जी रेघ उरते, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घे, आणि ती रेघ पुसू नको — सूनबाईला राग येईल, पण पाणी फ्रिजच्या मोटारीपर्यंत चढलं होतं हे ती रेघच सांगते.

१३. त्याच दिवशी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन कर, क्लेम नंबर वहीत लिही, आणि तेच ईमेलवरही कळव — पीकविम्याच्या ७२ तासांची सवय इथं आणू नको. घराच्या पॉलिसीत ‘तात्काळ’ लिहिलेलं असतं. तोंडी सांगितलेलं तोंडातच राहतं. एजंट आपल्याच गावकीचा असला तरी त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं समजू नको.

१४. उघड्या घरावर ताडपत्री टाक, गळणाऱ्या खोलीतलं सामान हलव, आणि ताडपत्रीची, दोरीची, मजुरीची पावती घे — नुकसान वाढू न देणं हे तुझं काम आहे. हातावर हात धरून बसलास तर वाढलेल्या नुकसानीवरून वाद होतो.

१५. वाकलेले पत्रे, फुगलेली गादी, बंद पडलेला फ्रिज यातलं काहीही सर्व्हेअर येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नको — तो हजार-दोन हजार हातावर ठेवेल आणि त्यापायी मोठी रक्कम अडकेल.

१६. भिंत पडून घर उघडं झालं आणि त्यात चोरी झाली, तर नायगावच्या पोलीस ठाण्यात लगेच तक्रार दे — अशा घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरीही या पॉलिसीत धरलेली आहे, हे पुष्कळांच्या गावीच नसतं.

१७. तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) पंचनामा करून घे आणि त्याची प्रत माग — सरकारी मदत आणि विमा ही दोन निराळी दारं आहेत. सरकारी दरानं सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,००० अशी मदत आहे. त्यात घर उभं राहत नाही, पण पंचनाम्याचा कागद दोन्हीकडं कामाला येतो.

१८. त्या दिवशीचा आपल्या महसूल मंडळाचा पाऊस टिपून ठेव, नायगाव, नरसी, बरबडा, कुंटूर, मांजरम, जे तुझं असेल ते. वर्तमानपत्रातलं कात्रणही ठेव — २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि ती नोंद असली की ‘इतका पाऊस कुठं झाला?’ हा प्रश्नच निघत नाही.

सर्व्हेअर दारात आल्यावर

१९. चहा दे, गोष्टी सांगू नको. खोलीवार यादी हातात ठेव : वस्तू, कधी घेतली, कितीला घेतली, काय झालं — यादी बोलते तेव्हा माणूस भांडत नाही.

२०. मिस्त्रीकडून अंदाजपत्रक घे, पण ‘छताचं काम, दोन लाख’ असं ठोक नको. पत्रे किती, अँगल किती फूट, सिमेंट किती गोणी, मजुरी किती, असं फोडून — ठोक आकडा कापायला सोपा असतो.

२१. न्हाणीघराच्या भिंतीला तीन वर्षं ओल आहे, ती वादळाच्या यादीत घुसडू नको — जुनी झीज पॉलिसीत नसते, आणि एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय येतो.

२२. वीज पडून घराला आग लागली किंवा भिंत फुटली तर भरपाई आहे; पण विजेचा दाब वाढून टीव्ही किंवा इन्व्हर्टर आतून जळाला, तर ती वस्तू धरत नाहीत — म्हणून ढग गडगडले की प्लग उपटायची आजीची सवय मोडू नको.

२३. मलबा उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते, घर राहण्याजोगं नसेल तर भाड्याचीही सोय आहे — पण मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

२४. गृहकर्ज असेल तर बँकेलाही त्याच आठवड्यात कळव — पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, आणि पैसा आधी तिकडं वळू शकतो. मिस्त्रीला उचल कबूल करायच्या आधी हे विचारून घे.

२५. तारखा लिहीत जा : विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणं सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत, आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीचा निर्णय — ‘साहेब रजेवर आहेत’ याला वहीतली तारीख हेच उत्तर. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही माग.

२६. ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर उभ्या-उभ्या सही करू नको. आकडा का कापला ते लेखी विचार, एक रात्र कागद उशाशी ठेव — सही एका क्षणाची, हळहळ वर्षभराची.

२७. रक्कम पटली नाही तर आरडाओरडा नको, पायऱ्या चढ : आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन क्रमांकावर — कंपनीला आधी लिहिलेलं नसेल तर पुढचं दार उघडत नाही.

२८. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज कर. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात — अर्ज मराठीत सरळ लिही, सोबत फोटो, पंचनामा, ईमेल लाव, आणि पाठवायच्या आधी सगळ्याची एक झेरॉक्स ताईकडं ठेव.